आजाराचा रकाना

भाव करायचा असला की मामांना माझी आठवण यायची. एरवी वर्षभर निरोप नसायचा. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा असाच एकदा वारंगा फाट्यावर माझ्या दुकानात त्यांचा फोन आला. तीन विमा एजंट घरी येऊन गेले, तिघंही गोड बोलतात, तू येऊन बघ.

मामा शिरड शहापूरला राहायचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, मूलबाळ नाही. मामींना साखर आणि बीपी. पेन्शनचा मोठा भाग औषधाच्या दुकानात जायचा आणि औषधाचा खर्च परत देणारी पॉलिसी निघाली आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. माल घेताना तो किती चांगला आहे हे मी विचारत नाही. कधी बदलून देणार नाही, ते विचारतो. तिन्ही एजंटांना तेच विचारलं. पैसे कधी देणार नाही ते सांगा. उत्तर तिघांचं एकच निघालं. रोजच्या गोळ्यांना काही मिळत नाही. दवाखान्यात भरती झालात तरच बिल, आणि औषधं तेवढ्या दिवसांची. आधीपासून असलेल्या आजाराला पहिली चार वर्षं तेही नाही. म्हणजे मामा ज्यासाठी पॉलिसी घ्यायला निघाले होते, ते तिच्यात नव्हतंच. पण मामींना कधी नांदेडला भरती करावं लागलं तर काय, ही धास्ती खरी होती. म्हणून तिघांतला कमी अटींचा निवडला आणि त्याला घरी बोलावलं.

मामांचा फॉर्म लगेच झाला. मामींच्या फॉर्मवर सध्याच्या आजाराचा रकाना आला. मामी म्हणाल्या, काही नाही. एजंटाचा पेन चालायला लागला.

"मामी, आन् साखर?" मी विचारलं.

"गोळी चालू हाय की बाबा. गोळी चालू म्हंजी बीमारी बंद."

त्या थट्टा करत नव्हत्या. सकाळी गोळी घेतली की माणूस निरोगी, असाच त्यांचा समज होता. एजंट हसला. मामी बराबर बोलल्या म्हणे, पुष्कळ लोक असंच लिहितात, उगाच कशाला उघडं करायचं. मामांनी चष्मा लावून तो रकाना दोनदा वाचला आणि हळूच म्हणाले, "न्हाईच लिहा."

माझं डोकं तिथं फिरलं. पोलीस भरतीच्या वेळी माझं वय चार महिन्यांनी जास्त भरत होतं. शाळेच्या रजिस्टरातली माझी जन्मतारीख मामांनीच टाकलेली, तीही अंदाजाने. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एकाच तारखेला जन्मलेली होती. तरी ती चार महिने सरकवायला मामा तयार झाले नाहीत. माझी आई त्यांच्या दारात दिवसभर बसून होती. एकदा लिहिलं ते लिहिलं, एवढंच म्हणाले. पुढे मी फाट्यावर पंक्चर काढत उभा राहिलो. दुकान नंतरचं.

तेव्हाचं सगळं मी त्या एजंटासमोर बाहेर काढलं. मामा खाली बघत होते. माझं संपल्यावर मामींकडे हात करून म्हणाले, "ते रजिस्टर सरकारचं व्हतं. ही माझी हाय."

"आन् मी कुणाचा व्हतो?"

मामी उठून आत गेल्या. एजंटाने पेनाला टोपण लावलं.

मी फॉर्म ओढून घेतला. खरेपणाची मला हौस नाही, धंद्यात मीही खूप काही बोलतो. पण कागदावरचं खोटं समोरच्याच्या कामाला येतं. हप्ते भरत राहा, आणि ज्या दिवशी बिल पाठवाल त्या दिवशी जुने रिपोर्ट काढून म्हणतील, तुम्ही लपवलं. हे मी मामांना ओरडूनच सांगितलं. मग साखर, बीपी, किती वर्षांपासून, कोणत्या गोळ्या, सगळं लिहायला लावलं. मामींनी सही केली.

महिन्याभराने मामांची पॉलिसी आली. मामींचा फॉर्म परत आला, प्रस्ताव स्वीकारता येत नाही म्हणून. पत्र मीच वाचून दाखवलं.

"म्हंजी मी नापास?" मामींनी मामांना विचारलं.

मामा माझ्याकडे वळले. "तू लिहू दिलं असतंस तर झालं असतं."

माझ्या मते पॉलिसी झाली असती, बिल मिळालं नसतं. पण ते पटवायला मामींना दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि तसं व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. मी पायात चप्पल घातली.

दुसऱ्या आठवड्यात मामींच्या औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. याच औषधांच्या दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त गोळ्या चालतील का विचारलं, त्यांनी त्या लिहून दिल्या. नांदेडच्या एका ठोक दुकानदाराशी तासभर घासाघीस करून त्या दर महिन्याला घ्यायचं ठरवलं. विम्यातून मिळणार नव्हतं ते असं थोडंफार मिळालं.

मामा माझ्याशी बोलायचे बंद झाले. माझ्या गाडीचा आवाज आला की मागच्या खोलीत जायचे. मामी पुढे येऊन गोळ्या घ्यायच्या आणि भिंतीतल्या देवळीतला कागद माझ्या हातात द्यायच्या. त्यावर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, कोणती गोळी किती उरली आणि किती तारखेपर्यंत पुरेल.