वाघाच्या दाढा

आज घरात मी एकटाच आहे. दुखऱ्या दाढेला लवंगेचं तेल लावलं आणि त्या वासासरशी १९५३चा कलकत्त्यातला हिवाळा आठवला.

मी खिदिरपूरच्या गोदीत कारकून होतो, बालीगंजला दोन खोल्यांत राहत होतो. आई गेल्यावर बाबा साताऱ्याहून माझ्याकडे आले. त्यांच्या पाचच दाढा उरल्या होत्या, त्यांनाही ते लवंगेचं तेल लावत; म्हणून मी सकाळी मऊ भात करून ठेवत असे. संध्याकाळी येऊन बघावं, तर निम्मा तसाच असायचा.

एका रविवारी त्यांना अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. नीलगाय रवंथ करत होती.

"एका घासाला अठ्ठेचाळीस वेळा," मी मोजून सांगितलं. "जबडा आडवा फिरतो, दाढा जात्यासारख्या दळतात, म्हणून गालाचे स्नायू जाड. वाघाचा जबडा नुसता वर-खाली. दाढा कात्रीसारख्या. तो मांस कापतो आणि गिळतो."

बाबा पलीकडच्या पिंजऱ्यातल्या वाघाकडे बघत राहिले. "एकटाच जेवतो ना तो? बोलायला कोणी नसलं की चावत कोण बसतंय!"

"तसं नाही, बाबा. दाढांची ठेवणच तशी असते."

ते हसले. थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर पानावर बसशील?"

"साडेआठला निघावं लागतं, बाबा. तुमची पूजाच दहाला आटोपते."

त्यांनी मान हलवली. त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

महिन्याभरात ते साताऱ्याला परतले. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "शेजाऱ्यांच्या पंगतीला बसतो. ज्वारीची भाकरी खातो. दाढांची तक्रार नाही."