अबेनाच्या आईचा डावा हात

आधीच सांगते, असले अनुभव रंगवून सांगणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करणारी बाई आहे मी. मूळची नाशिकची, इंजिनिअर, दोह्यात क्वांटिटी सर्व्हेअर. किती घनमीटर काँक्रीट लागलं ते सांगा, मग बोलू... असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण लिहिते, कारण नवरा साक्षीदार आहे आणि तो माझ्याहून नास्तिक.

अबेना माझ्या साइटवर सेफ्टी ऑफिसर. घानाची, कुमासीची. उंच, खणखणीत आवाजाची. हेल्मेट न घातलेला माणूस तिला लांबून दिसतो आणि मग त्याची खैर नसते. दोनेक वर्षांपूर्वी तिची आई गेली. नेमका इमारतीचा ताबा देण्याचा हँडओव्हर चालू होता, जाता आलं नाही. तेव्हापासून ही बाई कामापुरती जिवंत होती. डब्यातले दोन घास खाऊन झाकण लावायची. तिची मुलगी अफिया आजीकडेच वाढलेली, आता त्याच घरात मावशीजवळ राहते. अबेना तिला रोज व्हॉइस नोट पाठवायची, पण व्हिडिओ कॉल नाही म्हणजे नाही. का, तर मागे अंगण दिसेल, अंगणात आई दिसणार नाही. पोर मिस्ड कॉल देऊन देऊन थकली होती. एकदा अबेना मला म्हणाली, "हळूहळू ती फोन करायचं सोडेल, वैशाली. मला कळतंय. तरी बोट त्या बटणावर जात नाही."

एका काउन्सेलरकडे जाऊन आली होती. त्याने विचारलं, दुःख दहापैकी किती? "आमच्याकडे माणूस गेलं की अख्खं गाव काळे-लाल कपडे घालून ढोल वाजवत रडतं," अबेना तडकून म्हणाली, "आणि हा मला मार्क मागतो!" मला ते फार लागलं. माझ्या बाबांचा दहावा मी मोबाईलवर पाहिला होता आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगला बसले होते.

मग तिला लॉरेनचा ग्रुप सापडला. लॉरेन अमेरिकेतली कृष्णवर्णीय सायकॉलॉजिस्ट, इथे शिकवायला आलेली. ग्रुपमध्ये सगळे अबेनासारखेच, आफ्रिकी वंशाचे – केनियाचे, नायजेरियाचे, घानाचे, एकजण शिकागोचा. वर्षानुवर्षं दुःख न सुटलेली माणसं. आपल्या रीतीने रडायचं, आपली गाणी, आपलं जेवण, कोणाला काही समजावून सांगायची गरज नाही. जागा मिळेना म्हणून मी दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या आमच्या घराचा हॉल दिला. अट मीच घातली, की मी आणि माझा नवरा प्रसाद स्वयंपाकघरात दार लावून बसू. ती जागा त्यांची, मी फक्त चहावाली.

शेवटी ते एक विधी करायचे. आमच्या मनीप्लांटच्या कुंडीत पाणी ओतायचं, गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि बाकीच्यांनी "आशे" म्हणायचं – तथास्तुच्या जवळपासचं काहीतरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हे तर आपलं तर्पणच की! दार बंद असलं तरी नावं ऐकू यायची. अबेनाचा आवाज मात्र कधीच आला नाही. भांडं तिच्या हातात आलं की ती ते पुढे सरकवायची. नाव घेतलं की आई खरंच गेली, असं तिला वाटायचं.

लॉरेनचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. त्या शनिवारी दुपारी शेवटची बैठक. अबेना येतानाच म्हणाली, "आज जमलं नाही तर कधीच नाही जमणार."

मी चहासाठी आलं कुटायला बसले. लोखंडी खलबत्ता ओट्यावर आपटायला नको म्हणून फरशीवर, शेजारी पाण्याचं भांडं. प्रसाद कप पुसत होता. बाहेर नावं सुरू झाली. एक नाव, आशे. दुसरं नाव, आशे. आणि मग शांतता. मला कळलं, भांडं अबेनाकडे आलंय.

नेमका तेव्हा माझा डावा हात पाण्यात गेला. मी घातला नाही, गेला. ओल्या तळव्याने खलाच्या काठावर दोनदा थापटलं. आत शिरून आलं वळवलं, बाहेर आला, मग काठावर एकदाच थापटलं. पुन्हा पाणी, पुन्हा थाप. उजवा हात बत्ता आपटतोय, डावा दोन घावांमधल्या फटीत आत-बाहेर करतोय. कांदा चिरताना बोट कापून घेणारी मी!

"अगं, बोटं जातील! डाव्या हाताने काय चाललंय?" प्रसाद ओरडला.

"मी नाही करत आहे," मी म्हटलं. घाबरले होते का? खरं सांगू, नाही. हात उबदार वाटत होता, एवढंच.

दार धाडकन उघडलं. अबेना. अनवाणी, पाण्याचं भांडं तसंच हातात. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग खाली बसली, माझ्या हातातून बत्ता काढून घेतला. "थांबू नकोस," म्हणाली आणि डोळे मिटून दणादण कुटायला लागली. ते लोखंड आणि माझी बोटं... प्रसादने तोंड फिरवलं. पण एकदासुद्धा लागलं नाही. तिचा बत्ता उठायचा तेव्हा माझा हात आत, पडायचा तेव्हा बाहेर.

मग तिने बत्ता टाकला. फरशीवर बसूनच भांडं ओट्याशेजारच्या माझ्या तुळशीच्या कुंडीत रिकामं केलं आणि आईच्या नावाने जी हाक मारली, तशी हाक मी साइटवरही ऐकली नव्हती. "माआमे याआ!"

हॉलमधून सगळ्यांचा एकदम आवाज आला, "आशे!"

अबेना माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी रडले. प्रसाद कप पुसतच राहिला, एकच कप.

नंतर तिने सांगितलं. त्यांच्याकडे फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटतात, मोठ्या लाकडी उखळात. एकजण कुटतं, दुसरं खाली बसून ओल्या हाताने गोळा वळवतं. तिच्या घरी अबेना कुटायची, आई वळवायची, तीही डाव्या हाताने. तिकडेही डाव्या हाताने अन्नाला शिवत नाहीत. शेजारणी हसायच्या, म्हणून अंगणाचं दार लावून कुटायच्या दोघी. ही गोष्ट अबेनाने कोणालाच सांगितली नव्हती. दोन थापा म्हणजे थांब, माझा हात आत आहे. एक म्हणजे आता मार.

मी स्वतःची उलटतपासणी घेतली आहे. फुफूचा व्हिडिओ कधी पाहिला असेन? असेन. पण डावा हात? त्या थापा? तोच क्षण? हिशोब लागत नाही. नंतर एकदा प्रयत्न करून पाहिला आणि पहिल्याच फटक्याला अंगठा सुजवून घेतला. विषय निघाला की प्रसाद गाडी धुवायला जातो. लॉरेनला विचारलं, तर ती म्हणाली, "मी फक्त विधी मांडते, वैशाली. त्यात कोण येऊन काय करतं, ते मी विचारत नाही."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर अबेनाने आमच्या सोफ्यावर बसून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे अंगण होतं, ऊन होतं, आणि दोन वेण्या घातलेली अफिया. अबेनाचे डोळे सुजलेले, नाक चोंदलेलं.

अफियाने विचारलं, "मम्मी, तू आजीसाठी रडलीस?"

"हो."

"मग आता मी रडू? मी तुझ्यासाठी थांबले होते."