बधिर बोटांना दिलेला चटका

गोंदियाकडच्या गोरेगावजवळ एका गावात बिड्या वळण्यात रुख्माच्या हाताला तोड नव्हती. तेंदूचं पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं आणि अंगठ्या-बोटानं बिडीचं तोंड मुडपायचं. हे सगळं ती शेजारणीशी भांडता भांडता, मांडीवरच्या सुपाकडे न बघता करी. बिड्या तपासून घेणारा ठेकेदार इतर बायांच्या सुपातून मूठभर तरी बाद करून फेकायचाच. रुख्माच्या बिड्यांना मात्र त्यानं कधी नाव ठेवलं नाही. पंचवीस वर्षं हात असा चालला आणि मग त्यानं दगा दिला.

आधी नुसत्या मुंग्या यायच्या. झोपेतून जाग आली की हात झटकायचा, बरं वाटायचं. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडली. करंगळी तेवढी ठणठणीत. हातून चहाचा कप सुटला तेव्हा नवरा कवडू खेकसला, ‘‘ध्यान कुठं रायते वो तुह्यं?’’ रुख्मानं अशीच दोन वर्षं काढली. बाईचा पाय मोडला तरच घरातलं कोणी मान वर करतं, हाताच्या मुंग्यांना कोण विचारतो!

शेवटी बिडीच वळता येईना, तेव्हा ती गोंदियाला गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला मनगट दुमडून धरायला लावलं. मिनिटभरात मुंग्या आल्या.

‘‘मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटं हलवणाऱ्या दोऱ्या त्यातूनच जातात आणि एक नसही. तेच ते काम करून दोऱ्या सुजल्या, नस चेपली. आधी आल्या असत्या तर रात्रीचा पट्टा, आराम, एखादं इंजेक्शन, यावर भागलं असतं. आता अंगठ्याखालचं मांस झडायला लागलंय. छोटा छेद देऊन नस मोकळी करू. पण उशीर नको.’’ पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली.

चाकूचं नाव ऐकताच सासू देवकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पाठ धरो, गुडघा धरो, गावातल्या निम्म्या लोकांना तिनं बिब्ब्याचे चटके दिले होते. ‘‘चिरफाड कायले पायजे वो? जिथं बधिर, तिथं बिबा लावू.’’ चाकूची भीती रुख्मालाही होतीच. तिनं हात पुढे केला.

दाभणाला टोचलेला बिब्बा दिव्यावर तापला, त्याचं तेल फसफसलं. देवकाबाईनं तो अंगठ्याला टेकवला.

‘‘लागते का?’’

‘‘नाही, माय.’’

चटका लागला की दुखणं निघालं, असा देवकाबाईचा हिशेब. म्हणून तिनं पुन्हा टेकवला. मग पहिलं बोट, मग मधलं. जळक्या कातडीचा वास घरभर झाला आणि रुख्मा निवांत बसून सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. चटका न लागणं हेच तर दुखणं होतं. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. राग तरी कोणावर काढावा?

गुरुवारी चिंधी सोडली तर तिन्ही बोटं पिकलेली, तेल उतून मनगटापर्यंत फोड. ‘‘हे भरल्याशिवाय मला हात लावता येणार नाही,’’ डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. भरायला अडीच महिने गेले. तेवढ्यात अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झाला. ऑपरेशन नीट पार पडलं, रात्रीच्या मुंग्याही गेल्या. अंगठा मात्र बोटांसमोर यायचं नावच घेईना. नस फार दिवस चेपून राहिली, आता सुधारलं तेवढंच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं.

रुख्माला आता पोलक्याची बटणंही लावता येत नाहीत. सत्तरीची देवकाबाई रोज सकाळी लावून देते. एका सकाळी तिचा हात मध्येच थांबला.

‘‘माह्या बिब्यानंच झालं ना वो हे?’’

नाही म्हणून टाकलं असतं तर म्हातारी सुखानं जेवली असती. पण रुख्माच्या पोटात इतके दिवस साठलेलं सगळं एकदम वर आलं.

‘‘हो माय. बिबा तुमीच लावला. हात त मीनंच समोर केला.’’

देवकाबाई लहान पोरीसारखी रडू लागली. रुख्माला तिची फार कीव आली. सासूचे डोळे पुसायला तिनं पदराचं टोक उचलायला घेतलं, पण ते काही तिच्या चिमटीत येईना.