घट्ट वरण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझी बायको सुमन गरोदर असताना डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "डाळ, अंडी नीट खातेस ना?" तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "हो, भरपूर."

आज आमच्या गरोदर मुलीच्या तपासणीसाठी प्रसूतिगृहात गेलो होतो. फाटकाबाहेर एकजण बायकोसाठी उकडलेलं अंडं सोलत होता. तिने नाक मुरडलं.

"तुम्हीच खा की!"

"मला कुठं बाळ व्हायचंय? खा गुमान."

ती हसली आणि खाल्लं तिने. मी बघत उभा राहिलो. मनात काही हललं नाही, खरं सांगायचं तर.

आमच्या आईचा दंडक होता, पोटुशीला पोटभर वाढायचं नाही, बाळ मोठं होऊन अडतं. तळाचं घट्ट वरण पुरुषांना, सुमनला वरचं पाणी. आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचो! काही अमिनो आम्लं शरीराला तयार करता येत नाहीत, ती डाळ, अंड्यांसारख्या अन्नातूनच यावी लागतात. गरोदर बाईला ती कमी पडली तर तिचेच स्नायू झिजतात. हे मुलांना समजावून घरी यायचो आणि ते घट्ट वरण मुकाट्याने भातात कालवायचो.

मुलगी मूठभर जन्मली, पण जगली. सुमनचं अंग मात्र पुन्हा भरलं नाही. "माझी कुडीच मुळात अशक्त," असं ती अजून सगळ्यांना सांगते.

कुडी अशक्त नव्हती, आम्ही तिला उपाशी ठेवलं, हे तिला सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.