कललेली होडी

इंजिन सुरू करताना लाँचवाले तात्या सगळ्या होडीला गप्प करायचे. बाजाराला निघालेल्या बाया, मोटारसायकल धरून उभी राहिलेली पोरं, सगळे मुकाट बसत. टोपलीतल्या कोंबड्यांना तेवढी सूट होती. तात्या हँडल मारत, इंजिन धडधडायला लागलं की कान देऊन थोडा वेळ ऐकत आणि मगच होडी काठावरून लोटत. "इंजिन बोलल्याबिगार काठ सोडायचा न्हाय," हा त्यांचा कायदा. एकदा म्हणे आधी होडी लोटली, मग इंजिन लागेना, आणि वाऱ्यानं सगळ्यांना भर पाण्यात नेऊन सोडलं. तेव्हापासूनचा हा कायदा.

त्यांची बायको, आमची काकू, काठावर भांडी घासता घासता म्हणायची, "एवढा कान देऊन माझं कवा ऐकलं न्हाय ह्यांनी." तात्या खालच्या मानेनं उत्तर द्यायचे, "तुला हँडल मारावं लागत न्हाय." होडी हसायची. काकू सगळ्यांत जास्त हसायची आणि मग तिला खोकला लागायचा. तिला दमा होता.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर. रस्त्यानं इंदापूरला जायचं तर भला मोठा वळसा. तात्यांच्या लाँचनं पाणी ओलांडलं की समोरच एस.टी. मिळते. त्या लाँचनं जाऊन-येऊन मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. निकालाच्या दिवशी तात्या पैलतीरावर भेटेल त्याला सांगत होते, "ही आमच्या लाँचनं शिकली." बापानं त्यापायी मेंढरं विकली होती, ते राहिलं बाजूला.

इंजिन लागलं नाही तर तात्या घाई करत नसत. आधी खाली उतरून होडी कशी उभी आहे ते बघत. मग टाकीतलं डिझेल, मग नळीतली हवा, आणि सगळ्यात शेवटी पाना हातात. कुणी मध्ये शहाणपण शिकवायला लागलं तर म्हणायचे, "रोग बघायच्या आदी पेशंट कसा निजलाय ते बघावं, पाव्हणं."

यामागं कारण होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी रोज उतरतं. संध्याकाळी पाण्यावर डुलणारी होडी सकाळी चिखलात एका अंगावर बसलेली असते. टाकीत डिझेल कमी असलं की ते एका कडेला जातं, नळीत हवा शिरते, आणि मग दंड भरून येईस्तोवर हँडल मारलं तरी इंजिन लागत नाही. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात दिवेलागणीच्या आधी होड्या आत, खोल पाण्यात सारून ठेवतात. तात्यांनी ते कधी चुकवलं नव्हतं.

चुकवलं ते एकदाच. मला नोकरी लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी काकूचा दम वाढला. तात्या तिची पाठ चोळत घरीच बसून राहिले. सकाळी तिचे ओठ निळे पडायला लागले. वस्तीवरची एकुलती जीप बारामतीला गेलेली. तिला घोंगडीत घालून आम्ही होडीत आणलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

तात्यांनी हँडल मारलं. इंजिन लागलं नाही. पुन्हा मारलं. मग बोल्ट ढिला करून नळीतली हवा काढली, बोल्ट आवळला, परत हँडल. इंजिन एकदा फुरफुरलं आणि बंद पडलं. त्यांनी परत हवा काढली. एरवी आधी होडी बघणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी होडीकडं बघितलंच नाही. बघत होते ते इंजिनाकडं आणि काकूच्या छातीकडं. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. काठावरचा एकजण म्हणाला, वल्ही मारत जाऊ. तात्या ओरडले, इंजिन बोलल्याबिगार काठ सोडायचा न्हाय. असं बराच वेळ चाललं. श्वासाश्वासाला अडखळत काकूच म्हणाली,

"अवं... होडी कललीया."

तात्यांचा हात हँडलवर तसाच राहिला. मग सगळ्यांनी खांदे लावून होडी चिखलातून पाण्यात सरळ केली, त्यांनी शेवटची हवा काढली, आणि पहिल्याच हँडलला इंजिन लागलं.

काकू दवाखान्यापर्यंत पोचली. पुढं नाही.

वस्ती तात्यांची समजूत घालायला लागली. तिची वेळ भरली होती, इंजिन लवकर लागलं असतं तरी काय, देवाची मर्जी. तात्या ऐकून घ्यायचे. लाँच चालवायचे, पण होडीला गप्प करणं त्यांनी सोडून दिलं. लोक आपसूकच गप्प बसायला लागले होते.

काकूचं दिवसकार्य झाल्यावर एकदा मी एकटीच होडीत होते. मध्यावर आल्यावर त्यांनी इंजिन हळू केलं.

"बाय, तू त्या डॉक्टरला कायतरी इचारत हुतीस. मी बघितलं. काय म्हणला त्यो?"

मी पाण्याकडं बघितलं. मला खोटं येत नाही, आणि त्यांना ते माहीत होतं.

"लवकर आणलं असतं तर बहुतेक वाचल्या असत्या म्हणाले."

तात्यांनी मान हलवली. "व्हय. सगळी न्हाय न्हाय म्हणत्यात. मग ह्ये बोलायचं तरी कुणासंगट? आता तुझ्यासंगं बोलता यील."

आणि ते बोलले. काठ येईपर्यंत काकूबद्दल बोलत राहिले, तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्यापासून. घरी आईनं मला फैलावर घेतलं, म्हाताऱ्याला असं कोण सांगतं, एवढं शिकून हेच कळलं का. मला अजूनही वाटत नाही की मी चुकले.

पुढं उन्हाळ्यात तात्यांनी एक नवीनच काम काढलं. ऊन कलायला लागलं की ते काठानं चालत निघायचे आणि चिखलाला टेकायला आलेली होडी, कुणाची का असेना, खांदा लावून आत सारायचे. मासेमारी करणारी पोरं चिडवायची, "तात्या, आमच्या होड्या तुमच्या नावावर करू का?" तात्या म्हणायचे, "तुझ्या घरात कोण आजारी न्हाय न्हवं? मग सार बाबा तूच."

मी बारामतीला नोकरीला लागले, तिथलीच झाले. गेल्या थंडीत तात्या झोपेतच गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं. मला मातीला पोचता आलं नाही.

या उन्हाळ्यात वस्तीवर गेले तेव्हा संध्याकाळी पाण्याकडं गेले. पाणी बरंच मागं हटलं होतं. होड्या आत उभ्या होत्या. तात्यांची तेवढी चिखलात एका अंगावर पडली होती. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि खांदा लावला. होडी हलली नाही. जाळं आवरत बसलेला माणूस म्हणाला,

"राहू द्या, ताई. तात्यांच्या लेकानं इंजिन काढून नेलंय तिचं. आता वाकडी असली काय नि सरळ असली काय."

मी खांदा काढला नाही. थोडा वेळ तो बघत राहिला. मग जाळं खाली ठेवून आला आणि पलीकडून खांदा लावला.