बनशंकरीच्या बूथवर आलेला फोन

पंचवीस वर्षांहून अधिक जुना एक दोष आधी सांगतो. नव्वदच्या दशकात आमची तुकडी शांतिसेनेत आफ्रिकेला निघाली, तेव्हा "वरून हुकूम आला" असे मी पत्नीला, शैलाला, सांगितले. वस्तुतः मी स्वतः नाव दिले होते. बंगळूरच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, शैलाशी रोजची धुसफूस... मी पळालो, आणि आईचे सारे करायला तिला मागे ठेवले.

चमत्कारांवर, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी लष्कराच्या सिग्नल्स, म्हणजे संदेशवहन विभागातला हवालदार. आवाजामागे यंत्र असते आणि यंत्रापाशी माणूस, एवढेच शिकलेलो.

दर रविवारी तीन मिनिटे फोन मिळे. शैला सकाळी दहाला घराजवळच्या, बनशंकरीतल्या एसटीडी बूथवर थांबे. आईची औषधे सांगून झाली की दोघेही गप्प... एका रविवारी फोन झालाच नाही. कॅम्पपासून दूर, कोरड्या नदीपात्रात आमचा ट्रक रुतला होता. दिवसभर आम्ही वाळू उपसत होतो.

पुढच्या रविवारी शैलाचा आवाज मऊ होता.

"ट्रंक भरली होती मी. आईंना वन्संच्या स्वाधीन करून बेळगावला माहेरी जाणार होते, कायमची. पण मागच्या रविवारी तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून राहिले."

"काय सांगितलं?"

"आता पुन्हा वदवून घेता? स्वतःच नाव दिलंत ते. ऑफिसच्या दारातून दोनदा परत फिरलात, तिसऱ्यांदा आत गेलात, ते."

दोनदा परत फिरल्याचे मी कोणालाही सांगितले नव्हते. तरी मी "हो" म्हणालो — आणि वेळ संपली.

कॅम्पची फोनची वही पाहिली. त्या रविवारी माझ्या नावापुढे 'गैरहजर' होते. सुट्टीवर येताच बूथ गाठला. मालक पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेले मराठी.

"अण्णा, त्या रविवारी फोन नक्की आला होता?"

"मीच उचललो की. 'शैलाला द्या' म्हणालात. अक्का रडत होत्या, मागं चार गिऱ्हाईकं, त्यांना म्हटलं स्वल्प थांबा. बायकोशी बोललेलं विसरलात काय साहेब?"

"मी नाव सांगितलं होतं?"

"तुमचा आवाज वळखायला नाव कशाला?"

त्या फोनवर आमचा संसार उभा राहिला. तो माझा नव्हता, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आई गेली, मुलगी झाली, मी निवृत्त झालो. शैला पाहुण्यांना सांगे, "यांनी एकदा खरं बोलून घर वाचवलं," आणि मी मान डोलावत असे.

गेल्या महिन्यात, दुपारी ती गवार मोडत असताना, तो फोन माझा नव्हता हे सांगून टाकले. तिचे हात थांबले.

"मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तुम्ही इतकं सलग कधी बोलला आहात?"

मला हसता आले नाही.

"मग कोण होतं?"

"ठाऊक नाही, शैला."

खरोखरच ठाऊक नाही. पुष्कळ विचार केला. हाती काही लागले नाही.

"जे कोणी होतं, त्यानं सगळं सांगितलं," ती म्हणाली. "चुकलं, एवढं मात्र म्हणाला नाही. त्या एका शब्दाचीच वाट बघत राहिले मी इतकी वर्षं."

"शैला, मी तुला आईपाशी टाकून पळालो," मी म्हणालो. "आणि दुसऱ्या कोणाचा खरेपणा माझा म्हणून मिरवला. माझं चुकलं."