जामसरचं मुकं रीळ

भूत, भानामती, शुभ-अशुभ संकेत... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असतो — "तेव्हा तिथे आणखी कोण होतं?" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते जसंच्या तसं सांगते.

मी जव्हारला एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे. नाशिकला कॉलेजात होते तेव्हा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावं लागायचं. त्या काळात मी 'जुळणी' नावाच्या एका ईमेल ग्रुपवर होते. खेळ साधा — पिक्चरचा आवाज बंद करायचा, भलत्याच गाण्यांचा अल्बम ठरावीक क्षणाला सुरू करायचा, आणि दोन्ही कुठे कुठे जुळतात ते सगळ्यांना कळवायचं. पडद्यावर दार आपटलं आणि इकडे नेमकी तबल्यावर थाप पडली, असं. कुणी फार मोठा दावा केला की तो तपासायचं काम माझ्याकडे असायचं. बहुतेक फुसकेच निघायचे. पुढे नोकऱ्या, लग्नं... आणि ग्रुप आपोआप थंडावला.

गेल्या दिवाळीनंतर त्याच ग्रुपमधल्या पुण्याच्या बापट काकांचा मेल आला, "जुळणी पुन्हा सुरू करू या का?" केली. आता मोबाईलवर. जुने सहा जण सापडले, चार नवे आले. काकांनी पहिल्याच आठवड्यात एक जुनं रीळ टाकलं. त्यांचे थोरले भाऊ — आता हयात नाहीत — रस्त्याच्या सर्व्हेसाठी आमच्या भागात आले होते, तेव्हा हातातल्या कॅमेऱ्यावर त्यांनी तारपा नाच टिपला होता. काळंपांढरं, नऊ मिनिटांचं, आवाज अजिबात नाही. डब्यावर शाईने एकच शब्द — जामसर.

"तुमच्याच तालुक्यातलं आहे," काकांनी लिहिलं होतं, "याला काय लावता बोला!"

नव्या चौघांत एक हरी सर होते. मोखाड्याकडच्या सूर्यमाळच्या एका पाड्यातले, प्राथमिक शिक्षक. कचेरीत कामाला यायचे, मीच त्यांना ग्रुपवर घेतलं. आठवड्याने ते एक कॅसेट घेऊन आले.

"मॅडम, माझे वडील तारपा वाजवायचे. आमच्या अंगणात टेप केलंय. त्या रिळाला लावून बघता?"

तारपा म्हणजे भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं लांबलचक वाद्य. वाजवणारा पुढे चालतो आणि एकमेकांच्या कमरेला धरून बाकीचे त्याच्याभोवती नाचतात. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. रविवारी सकाळी त्यांना घरी बोलावून मी जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली. पडद्यावरच्या माणसाने तारपा तोंडाला लावला, त्याच क्षणी बटण दाबलं.

जुळलं. एका-दोन ठिकाणी नाही... सगळीकडे. चाल बदलली की पावलं बदलत होती. साधारण सहाव्या मिनिटाला कॅसेटवरचा तारपा मध्येच थांबला आणि एक बाई ओरडली, "पाय नका टाकू! पोत तुटली माझी! तांबडं मनी राहू द्या, बाकीचं गोला करा!" पडद्यावर एक तरुण बाई गळ्याला हात लावून उभी होती. तिचे ओठ हलत होते. सगळे खाली वाकले, वेचू लागले. मग कॅसेटवर हशा पिकला — आणि पडद्यावरही सगळे हसत होते. दोन्हीकडे तारपा पुन्हा एकदमच सुरू झाला.

हरी सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. हळूच म्हणाले, "हा माझ्या आईचा आवाज, वडील सांगायचे. मी तीन वर्षांचा असताना ती गेली."

"मग पडद्यावर तुमची आईच आहे?"

"माहीत नाही मॅडम. तिचा फोटोच नाही. चेहरा आठवत नाही मला."

मला भरून यायला हवं होतं. मला आला तो संशय. जुनी रिळं नेमक्या कोणत्या वेगाने चालवायची हे सांगता येत नाही, व्हिडिओ करताना काकांनी तो अंदाजानेच धरला होता. कॅसेटच्या मोटरचाही भरवसा नसतो. अशी नऊ मिनिटं आपोआप जुळणं शक्यच नाही. रीळ आठवडाभर ग्रुपवर होतं. जुन्या कॅसेटवर नवीन आवाज भरायला कितीसा वेळ लागतो? रीळ बघत बघत कुणाकडून तारपा वाजवून घ्यायचा, कुणा बाईकडून चार वाक्यं बोलून घ्यायची... मी हे त्यांना तोंडावर सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. "तुम्ही तपासा मॅडम. मी बघतो." आणि त्यांनी रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.

पुढच्या रविवारी मी जामसरला गेले. त्यांना सोबत घेतलं, पण बाईकपाशीच थांबायला सांगितलं. गावात मोबाईलवर रिळातल्या त्या बाईचा फोटो दाखवत फिरले. भाताच्या खळ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने बघितल्याबरोबर म्हटलं, "ही आपली सोनी."

सोनीबाई जिवंत होत्या! अंगणात सुपात नाचणी पाखडत बसल्या होत्या. मी कॅसेटचा विषयच काढला नाही. फक्त मुकं रीळ दाखवलं. स्वतःला बघून त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. ओठ हलतात तिथे मी थांबवलं.

"आजी, इथे काय बोललात, आठवतंय?"

"नाय आठवाया काय झालं? पोत तुटली ना. मी बोलली, पाय नका टाकू. तांबडं मनी राहू द्या, बाकीचं गोला करा."

"तांबडे का राहू द्यायचे?"

"ता मला बी नाय ठावं. तोंडातून आला नि बोलली." त्यांची जाऊ दारातून म्हणाली, "तवापासून हिला सगली तांबडी सोनीच बोलतात."

"सूर्यमाळला कधी गेला होतात? तिथलं कुणी हल्ली येऊन गेलं, हे विचारून गेलं?"

"सूर्यमाळ नाय पायली मी. नि हे इचारतंय कोन? तूच पयली."

मग मी हरी सरांना आत बोलावलं आणि मोबाईलवर भरून आणलेली कॅसेट ऐकवली. सोनीबाईंनी ऐकलं, मान हलवली. "आवाज माझा नाय. पन बोलनं माझं हाय." मग त्यांनी सरांकडे बघितलं. सर त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हते. "असा काय बघतंस रं पोरा?" मीच सांगितलं, की कॅसेटवर त्यांची आई आहे आणि तिचा चेहरा त्यांना आठवत नाही. सोनीबाईंनी सूप बाजूला ठेवून सरांना जवळ बसवून घेतलं.

परतताना मी माफी मागितली. सर "असू द्या" म्हणाले.

मी तरी थांबले नाही. ही गंमत जामसरहून सूर्यमाळला पोचली असेल, सरांच्या आईने ती नाचात नक्कल म्हणून केली असेल — हे पटण्यासारखं आहे. पण मग तारप्याचं काय? रीळ आणि कॅसेट तीन सेकंद मागेपुढे केली, की काहीच जुळत नाही. दुसऱ्या तारप्यांची रेकॉर्डिंग लावून पाहिली, नाही जुळली. ग्रुपवर सगळं मांडलं, तर एकाने लिहिलं, "हे तुम्हीच बनवलंय ना?" हरी सरांना मी हेच तर म्हटलं होतं!

मागच्या महिन्यात हरी सर पेनड्राइव्ह घेऊन आले. चित्र आणि आवाज एकत्र करून हवा होता, त्यांच्या मुलींना दाखवायला.

"सर, ती तुमची आई नाही. तुम्ही स्वतः भेटून आलात."

"माहीत आहे मॅडम. मुलींनाही तसंच सांगणार आहे. आवाज आजीचा, बाई जामसरची. पण आवाज ऐकताना कुठेतरी बघायला लागतं ना..."

मी करून दिलं. हे कसं घडलं, ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर लिहा... मी तपासेनच.